घरी शिकलेले मूल आणि शिष्यवृत्तीची मुलाखत



शाळेची पायरी न चढता, किंवा चढून मध्येच उतरून, ज्या मुलाने घरी अभ्यास करून दहावी-बारावीच्या परीक्षा दिल्या आणि ज्याला आता एखाद्या महाविद्यालयाने शिष्यवृत्तीच्या मुलाखतीस बोलाविले आहे, अशा मुलाच्या आई-वडिलांशी मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत अशी कुटुंबे फार नसतील. पण जी आहेत त्यांना सांगणारे कोणी नाही. शाळेतल्या मुलाला शिक्षक असतो, मुख्याध्यापक असतो, बरोबरीचे विद्यार्थी असतात. घरी शिकलेल्या मुलाला आई-बाप असतात आणि पुस्तके असतात. मुलाखतीच्या खोलीत तर आई-बापही नसतात.

मूल घरी का शिकले, याची कारणे घरोघर निराळी आहेत. कोठे वस्तीपासून शाळा दूर आणि उसाच्या फडांतून जाणाऱ्या वाटेवर बिबट्याचे भय. कोठे दीर्घ आजार. कोठे आई-बाप रोजगारासाठी गाव बदलीत राहिले आणि मुलाचे नाव कोणत्याच हजेरीपटावर टिकले नाही. आणि एखाद्या घरी, शिकलेल्या आईने स्वतःच्या विचाराने मुलाला घरी शिकविण्याचे ठरविले. कारण कोणतेही असो, आपल्यातील वडीलधारी मंडळी हे ऐकून रागावतात. ज्या समाजाच्या मुलांना वर्गाबाहेर गोणपाटावर बसविले गेले, ज्याच्या महापुरुषाला शाळेत शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज तहान भागविता येत नसे, त्या समाजाने उघडलेले दार आपल्या हाताने लावून घ्यावे काय, असे ते विचारतात. त्यांचा राग मला रास्त वाटतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. तो हक्क केवळ हौसेखातर सोडून द्यावा, असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु जे मूल परिस्थितीने किंवा विचाराने घरी शिकले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि आता महाविद्यालयाच्या दाराशी उभे आहे, त्याला मागच्या निर्णयाबद्दल दोष देत बसण्याची ही वेळ नव्हे. त्याला तयार करण्याची ही वेळ आहे.

मुलाखत घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न कोणता असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. "तू शाळेत का गेला नाहीस?" माझे स्पष्ट मत असे आहे की, सर्व तयारी या एका प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे, आणि त्याचे उत्तर मुलाचे असले पाहिजे, तुमचे नव्हे. पुष्कळ घरांत या प्रश्नावर मोकळेपणाने बोलणेच झालेले नसते. बापाच्या मनात एक कारण असते, आई शेजारणीला दुसरे सांगते आणि मुलाला तिसरेच वाटत असते. मुलाखतीत मूल अडखळते ते येथे. तेव्हा पत्र आल्यावर पहिल्या रात्रीच सर्वांनी एकत्र बसावे आणि मुलालाच विचारावे की, आपण घरी का शिकलो असे तुला वाटते? त्याला राग असेल तर तो बाहेर येऊ द्यावा. "मला शाळेत जावयाचे होते, पण घरी ते जमले नाही," हे खरे उत्तर असेल तर तेच उत्तर त्याने द्यावे, आणि त्यापुढे त्या वर्षांत आपण काय शिकलो ते सांगावे. खरे सांगून कोणाची शिष्यवृत्ती जात नाही. आजारपण लपवून "जरा खंड पडला" असे मोघम बोलणाऱ्याची मात्र जाऊ शकते, कारण समोर बसलेल्यांना पुढील चार प्रश्नांत सत्य कळते. शाळेची वा शिक्षकांची निंदा करणारे उत्तरही नको. त्यातून विद्या दिसत नाही, केवळ कडवटपणा दिसतो.

शिष्यवृत्तीची मुलाखत ही आपल्याला परकी गोष्ट नाही. आपला आजचा सर्व इतिहास अशा दोन भेटींच्या पायावर उभा आहे असे म्हटले तरी चालेल. बाबासाहेब शाळेत शिकले हे खरे. पण त्यांच्या अभ्यासाचा पाया सुभेदार रामजींनी घरी घातला. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेला तो पिता मुलाकडून इंग्रजी वाचनाची पुस्तके पाठ करून घेई, तर्खडकरांची भाषांतरमाला शिकवी. परळच्या चाळीतील एकाच खोलीत सारे बिऱ्हाड, म्हणून रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून शांत वेळी अभ्यासाला बसवी. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडे उसने मागावयासही सुभेदारांना कमीपणा वाटला नाही. पुढे महाविद्यालयीन शिक्षणास पैसा अपुरा पडला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमरावांना सयाजीराव महाराजांच्या भेटीस नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, त्या तरुणाने उत्तरे दिली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. ओळख करून देणे हे गुरुजींचे काम होते. उत्तरे देणे भीमरावांचे होते. तुमचा मामा किंवा गावचा एखादा कार्यकर्ता मुलाबरोबर महाविद्यालयात येणार असेल तर त्याला ही गोष्ट आधी सांगा.

दुसरी भेट १९१३ सालची. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुभेदार रामजी निवर्तले होते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात काही विद्यार्थी पाठविण्याचा महाराजांचा विचार होता. चरित्रकार सांगतात की, महाराजांनी कोणत्या विषयाचा अभ्यास करणार असे विचारले, तेव्हा समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थकारण असे उत्तर मिळाले. आणि त्याचा उपयोग काय, या प्रश्नाला, आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग या अभ्यासातून सापडेल अशा आशयाचे उत्तर मिळाले. या उत्तरात आपल्या गरिबीचे वर्णन नाही. काय शिकणार, हे नेमके आहे. कशासाठी शिकणार, तेही नेमके आहे. शंभरांहून अधिक वर्षे झाली, तरी शिष्यवृत्ती देणारे हेच दोन प्रश्न विचारीत आले आहेत. "मला मोठे व्हावयाचे आहे" किंवा "समाजाची सेवा करावयाची आहे" एवढे सांगून भागत नाही. कोणती सेवा? कोणत्या विद्येने? तुमच्या मुलीला शेतीशास्त्र शिकावयाचे असेल तर नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव एका आठवड्यात कोसळतो तेव्हा शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हे तिने स्वतः पाहिलेले असले पाहिजे आणि वीस किलोच्या एका क्रेटचा तोडणीपासून बाजारापर्यंतचा खर्च तिला मांडता आला पाहिजे. हे तिला घरी शिकल्यामुळे कदाचित अधिक चांगले येत असेल. पण "हा काय अभ्यास आहे?" असे समजून ती ते सांगणारच नाही, ही मला भीती वाटते.

म्हणून मी एका वहीचा आग्रह धरतो. मुलाने गेल्या तीन-चार वर्षांत कोणती पुस्तके वाचली, कोणती उपकरणे दुरुस्त केली, कोणाचा हिशेब लिहिला, धाकट्या भावंडाला काय शिकविले, कोठे गेले, काय पाहिले, हे सारे तारखांसह, आठवेल तसे, त्याच्याच हाताने लिहावे. शाळेच्या मुलाजवळ प्रगतिपुस्तक असते. याच्याजवळ ही वही. मुलाखतीत ती मागतीलच असे नाही. लिहिता लिहिता मुलाला स्वतःलाच कळते की आपण रिकामे बसलो नव्हतो.

येथे एक उदाहरण आठवते. मुंबईच्या मालविका जोशी या मुलीचे नाव २०१६ साली वर्तमानपत्रांतून गाजले. आईने तिला शाळेतून काढून घरी शिकविले होते. संगणकीय प्रश्न सोडविण्याच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. हे वाचून आपल्यातील कोणी हुरळून जाऊ नये. त्याच मुलीला आपल्या देशातील आय. आय. टी. चे दार बंद होते, कारण तिच्याजवळ बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. आंतरराष्ट्रीय पदके लाखांत एखाद्याला मिळतात. तुमच्या-आमच्या मुलाचे त्या प्रमाणपत्रावाचून चालणार नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा वर्षातून दोनदा होते. राज्य मंडळाच्या परीक्षेस सतरा क्रमांकाचा अर्ज भरून खासगी रीतीने बसता येते. ज्यांनी हे केले आहे त्यांचा अर्धा मार्ग सरला आहे. ज्यांचे मूल अजून चौदा-पंधरा वर्षांचे आहे त्यांनी मुलाखतीचा विचार बाजूस ठेवून आधी हे करावे.

कागदपत्रांच्या बाबतीत घरी शिकलेल्या बौद्ध मुलाची एक विशेष अडचण आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही. जातीच्या दाखल्यासाठी सामान्यतः मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला जातो. तो याच्याजवळ नसतो, किंवा असला तर चौथीचा असतो. मग बापाचा, आज्याचा, चुलत आज्याचा शोधावा लागतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो जुन्या शाळेच्या नोंदवहीत वा गावच्या कागदपत्रांत शोधावयास महिने लागतात. आज्याच्या नोंदीत पूर्वीची जात आणि बापाच्या नोंदीत बौद्ध, असे आढळले तर घाबरू नये. आपल्यापैकी पुष्कळांचे कागद असेच आहेत. मंचरच्या प्रांत कचेरीत मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात धावत जाऊन हे काम होत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून वेळेत घ्यावा आणि त्यात खरा आकडा असावा.

मुलालाही यातील थोडे ठाऊक असावे. "तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीची सवलत कशी?" असा प्रश्न अज्ञानाने विचारणारा एखादा गृहस्थ अजूनही भेटतो. चिडून जाण्याचे कारण नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या लोकांना केंद्राच्या सवलतींसाठी तीन दशकांहून अधिक काळ झगडावे लागले, आणि १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन तो हक्क मिळाला. हे दोन वाक्यांत, शांतपणे, मुलाला सांगता आले म्हणजे पुरे. आणखी एक गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जी १९४४ पासून, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली, ती मुलाखतीवर अवलंबून नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पात्र विद्यार्थ्याचा तो हक्क आहे. महाविद्यालय स्वतःच्या निधीतून जी देते तिच्यासाठी मुलाखत असते. एकीच्या आशेने दुसरीचा अर्ज राहून जाऊ देऊ नका.

आता प्रत्यक्ष सरावाविषयी. घरी शिकलेल्या मुलाला ज्ञान कमी असते असे मला वाटत नाही. त्याला अनोळखी माणसाच्या प्रश्नांची सवय कमी असते. आई प्रश्न विचारते तेव्हा तिला काय ऐकावयाचे आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळते. म्हणून आईने व बापाने सराव घेऊ नये. विहारात पौर्णिमेच्या दिवशी माणसे जमतात. तेथे मुलाला आवडत्या विषयावर पाच मिनिटे बोलू द्यावे आणि नंतर कोणीही प्रश्न विचारावेत. गावातील शिक्षक, निवृत्त बँक कारकून आणि शक्यतो तुमच्याशी न पटणारा एखादा माणूस, अशा तिघांनी मुलाला टेबलासमोर बसवून अर्धा तास प्रश्न करावेत, आणि तुम्ही त्या वेळी ओट्यावरही थांबू नये. बँकेत, ग्रंथालयात, ग्रामपंचायतीत त्याने एकट्याने जाऊन स्वतःचे काम बोलून करून यावे. "मला हे माहीत नाही," हे वाक्य लाजेवाचून उच्चारण्याचाही सराव लागतो. ज्याला ते म्हणता येत नाही तो थापा मारतो आणि तेथेच पकडला जातो.

पाठांतराला माझा सक्त विरोध आहे. बाजारात प्रश्नोत्तरांची पुस्तके मिळतात. त्यांतील उत्तरे शंभर मुले त्याच शब्दांत म्हणतात. मुलाखत घेणारे दिवसभर तेच ऐकून कंटाळलेले असतात. त्यांना तुमच्या मुलाकडून तुमचा तालुका ऐकावयास मिळाला तर ते सावरून बसतील. जुन्नरभोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणी आहेत. त्यांतील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. यवन दात्यांची नावे आहेत. म्हणजे नाणेघाटाच्या वाटेने व्यापार चालत होता, कारागिरांच्या संघटना होत्या आणि त्या भिक्खुसंघाला दान देत होत्या. अर्थशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलाला याहून चांगला धडा कोठे मिळेल? पण लेण्याद्रीस केवळ पायऱ्या चढून परत आलेल्या मुलाने हे ऐकीव सांगू नये. एक दिवस काढून त्याने पाहून यावे. आंबेगावच्या मुलाला महाळुंगे पडवळचा बाबू गेनू ठाऊक असावा, जो १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकखाली चिरडला गेला. त्याचे नाव दिलेल्या डिंभे धरणाच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले. कोणाची जमीन बुडाली आणि पाणी कोणाच्या शेतात पोहोचले, हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आला काय? ज्याला इतिहासात गोडी नाही त्याने इतिहास ओढून आणू नये. त्याने विहिरीवरच्या मोटारीविषयी बोलावे, ऊस आणि बिबट्या यांच्याविषयी बोलावे. स्वतः पाहिले आणि स्वतः विचार केला, एवढे त्यातून दिसले पाहिजे.

भाषेची धास्ती अनेकांना असते. मुलाखत कोणत्या भाषेत देता येईल हे महाविद्यालयाला आधी पत्राने विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. इंग्रजीतच द्यावयाची असेल तर लहान, सरळ वाक्ये बोलावीत. अडल्यास "हा शब्द मी मराठीत सांगू का?" असे विचारावे. कपडे स्वच्छ आणि अंगाला सवयीचे असावेत. उसना कोट घालून मूल अवघडून बसते.

मुलींविषयी मला थोडे कठोर बोलावयाचे आहे. काही घरांत मुलगी "घरी शिकते" याचा अर्थ मुलगी घरी ठेवलेली आहे एवढाच असतो. धाकट्या भावाला सांभाळून, स्वयंपाक उरकून, उरलेल्या वेळात तिने परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. श्रेय तिचे आहे, तुमचे नव्हे. अशी मुलगी मुलाखतीस जाते तेव्हा समोरचे विचारतात, "निवड झाली तर वसतिगृहात राहशील ना?" आणि ती खाली पाहते, कारण तो निर्णय घरी झालेलाच नसतो. जोतिरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकविले ते त्यांना घरात ठेवण्यासाठी नव्हे. त्या शाळेत शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. मुलाखतीपूर्वी वसतिगृहाचा निर्णय करा, आजी-आत्यांची समजूत घाला आणि मुलीला स्पष्ट शब्दांत सांगा की तुला आम्ही पाठविणार आहोत. पाठविणार नसाल तर तिला मुलाखतीला नेऊन तिच्या आशेचा खेळ करू नका.

मुलाखत पुण्यात असेल तर आदल्या संध्याकाळीच जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा. चाकणच्या गर्दीत सकाळची एस. टी. किती वेळ अडकेल याचा भरवसा नाही. बरोबर एकच माणूस जावा. काही ठिकाणी पालकांनाही आत बोलावून घरच्या स्थितीविषयी विचारतात; विचारतील तेवढे खरे सांगावे, डोळ्यांत पाणी आणून दयेची याचना करू नये, आणि मुलाला विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊ नये. नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल काय, याची चौकशी मुलानेच पत्र लिहून करावी.

होकार आला तर पत्रातील अटी पेढे वाटण्यापूर्वी वाचा. बाबासाहेबांनी ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही केली तेव्हा तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि नंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी लागणार, हे त्यांत लिहिलेले होते. तुमच्या मुलाच्या पत्रात दरवर्षी किती गुण हवेत, वसतिगृह व भोजन त्यात धरले आहे काय, शासनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास ही कमी होते काय, आणि मूल आजारी पडल्यास काय, हे शोधा. नसेल तर लेखी विचारा. सही मुलाने स्वतः सर्व वाचून करावी आणि एक नक्कल घरी, आज्याच्या दाखल्याजवळ, ठेवावी.